आठ वेळा न तुटलेली साखर

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे पुन्हाताई म्हणायचे, कारण कुठलाही निकाल हाती आला की ती आधी म्हणायची, "पुन्हा बघू." चोवीस वर्षं तिने नळ्या भरल्या आणि चोवीस वर्षं आम्ही तिच्या निकालांवर आपापली नावं छापून मोठे झालो. मग नवं यंत्र आलं, नळ्यांचं काम घटलं आणि फर्मान सुटलं: डीएनए आणि प्रथिनांची अक्षरं, म्हणजे त्यांच्या घटकांचा क्रम, संगणकावर वाचायला सगळ्यांनी शिकायचं. सहा आठवड्यांचा कोर्स, शेवटी परीक्षा. नापास होईल त्याची रवानगी तळघरातल्या स्टोअरमध्ये.

ताईच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि उठसूट सल्ले देणारा निवृत्त नवरा. खिडकीजवळचं टेबल हेच तिचं माहेर. ते जाऊ नये म्हणून ती दोन बोटांनी टाइप करायला शिकली.

शिकवायला आमचे सरच होते, प्रयोगशाळेचे प्रमुख. विद्या सोपी होती. अनोळखी प्रथिनाची अक्षरं डेटाबेसमध्ये चिकटवायची, बटण दाबायचं, जुळणाऱ्या प्रथिनांची यादी येते. पहिल्या नंबरचं जे काम लिहिलंय तेच आपल्या प्रथिनाचं समजायचं. आम्ही पदव्यांचं ओझं वाहणारी मंडळी पहिल्या ओळीच्या खाली कधी उतरलोच नाही. ताई मात्र विचारायची, "पण हे यांना कुणी सांगितलं?" आम्ही खो खो हसायचो.

परीक्षेत निम्मे गुण एकाच प्रश्नाला होते: हे प्रथिन काय करतं? आम्ही दहा मिनिटांत "साखर तोडतं" असं लिहून चहाला गेलो. ताई बसून राहिली. पहिल्या नोंदीत म्हटलं होतं, काम दुसऱ्या नोंदीवरून धरलंय. दुसरीने तिसरीकडे बोट दाखवलं, तिसरीने चौथीकडे. गल्लीत कुणाच्या सुनेची बातमी फिरते, तसाच सगळा सांगोवांगीचा कारभार. सातव्या नोंदीवर गाडी थांबली. ती नोंद सरांची होती, एकोणीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्यात ठसठशीत लिहिलं होतं: प्रयोगाने सिद्ध.

तो प्रयोग ताईनेच केला होता. एकदा नाही, आठ वेळा. आठही वेळा साखर जशीच्या तशी. तेव्हा सर म्हणाले होते, "नवव्यांदा तुटली असती, असं धरू."

ताईने पेपरात लिहिलं: काम माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी सही घ्यायला तिथेच उभा होतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची सरांची जुनी खोड. आधी सासूबाईंची तब्येत विचारून झाली.

मग म्हणाले, "ताई, ते उत्तर जरा बदला ना. बाकी सगळ्यांचं एकच आहे."

"सर, साखर तुटली नव्हती."

"अहो, आज चाळीस नोंदी म्हणतायत की तुटते!"

"त्या चाळिसांतल्या कुणी नळी हातात घेतली होती का?"

"एवढ्याशा शब्दासाठी टेबल घालवताय तुम्ही. घरी विचारून बघा."

"कालच विचारलं. हे म्हणाले, लिही की त्यांना हवं ते, तुझं काय जातं? पण सर, हात माझे होते."

मग ती माझ्याकडे वळली. "तू ऐकलंस ना सगळं? आता तूच सांग, काय करतं ते?"

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्या कागदावर सही करत होते.

"साखरच तोडतं, ताई," मी म्हणालो. "डेटाबेसमध्ये तसं आहे."

"बरं," म्हणाली आणि गेली. उत्तर तिने बदललं नाही.

ताई नापास झाली. हात दाखवून अवलक्षण, असं आम्ही चहा पिताना एकमेकांना सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. उजेड छान येतो तिथे. त्या प्रथिनाच्या नोंदी आता पंचावन्न झाल्या आहेत, त्यातल्या तीन माझ्या. स्टोअरमधून काही आणायचं असलं की मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो. मला तिला तोंड दाखवायची लाज वाटते.