माहेरवाशिणींचा दवाखाना

आमच्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरली की बाप नाहीतर भाऊ जाऊन लेकीला घेऊन येतो, आणि मूल जरा मान धरायला लागलं की ती सासरी परत जाते. हे इतकं ठरलेलं आहे की त्याविषयी कोणी मुद्दाम बोलत नाही. माझे वडील आमदार झाल्यावर त्याविषयी बोलू लागले, तेव्हा लोक हसले.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. गाव त्यांना शेवटपर्यंत मास्तरच म्हणत राहिलं, कारण निवडणुकीला उभं राहण्याआधी ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. आमचं गाव जळकोटच्या पुढं, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला लागून, माळावर. लातूर जिल्हा तेव्हा नवीनच झाला होता. जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं म्हणून लोक खूश होते, पण कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, आणि आज भेटलेले साहेब पुढच्या वेळी भेटतीलच असं नव्हतं. त्यात पाऊस लागोपाठ काही वर्षं रुसलेला. बाईला कळा सुरू झाल्या की बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून मिळेल त्या वाहनानं उदगीर. वाटेत बाळंत झालेल्या बायका गावात होत्या. वाटेतच गेलेल्याही होत्या. दादांची धाकटी बहीण त्यांतली एक. तिच्याविषयी ते घरात बोलत नसत.

आमदार म्हटल्यावर बारशाचं बोलावणं चुकत नाही. असेच एका बारशाहून आले आणि जेवता जेवता आईला म्हणाले, "पाळणा आपल्या गावात हलतो, आणि पोर मोजतात सासरी, उमरीला."

"मग काय पाळणा उचलून उमरीला न्यायचा?" आई म्हणाली.

पण त्यांच्या डोक्यात ते बसलं. दवाखाना मिळायचा तो गावात राहणाऱ्यांच्या संख्येवर. बाळंतपणाला आलेल्या लेकी त्या संख्येत कुठंच नव्हत्या. हा मुद्दा त्यांनी विधानसभेत मांडला. समोरच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सन्माननीय सदस्य सुईणपण करतात काय? सभागृह हसलं. ती गोष्ट त्यांच्या आधी लातूरला पोचली आणि त्यांचं नाव 'सुईण आमदार' पडलं. घरी येऊन त्यांनी स्वतःच ते आईला सांगितलं.

"पडू द्या," आई म्हणाली. "सुईण निदान रिकाम्या हातानं परत येत न्हाई."

दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्या वस्तीतल्या विहारापुढच्या मांडवात बरेच जण बोलले. कोणी त्यांची भाषणं आठवली, कोणी रस्ते. मी मागं बसून ऐकत होते. मला सारखी आठवत होती ती नव्या जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी आमच्या गावात आले ती दुपार. दादांनी त्यांना हार घातला नाही, सभा ठेवली नाही. उन्हात घरोघर हिंडवलं. मी त्या वेळी बिलोलीहून, माझ्या सासरहून, नुकतीच आले होते, म्हणून हे मी पाहिलं आहे. तिथल्या शाळेत मी ग्रंथपाल होते, आणि माझीही पहिलीच वेळ होती.

पहिल्या दारात एक पोटुशी मुलगी सुपात ज्वारी निवडत बसली होती.

"कुठली गं तू?" साहेबांनी विचारलं.

"उमरीची."

शेजारच्या दारातली देगलूरची निघाली. पलीकडची मुखेडची. आमच्या ओट्यावर मी, बिलोलीची.

"आमदारसाहेब, या गावात या गावचं कोणी आहे की नाही?"

"सगळ्या याच गावच्या, साहेब. दिल्यात तिकडं."

"आणि तुमच्या सुना?"

यावर एक म्हातारी भिंतीच्या सावलीतून म्हणाली, "त्या गेल्या त्यांच्या मायकडं. पान्याचा ह्यो हाल, इथं लेकी पोसाव का सुना?"

साहेब हसले. मग थांबून म्हणाले, "म्हणजे जितक्या येतात तितक्या जातात. हिशोब तोच राहिला की हो."

"बरोबर आहे," दादा म्हणाले. शाळेत मुलानं त्यांची चूक काढली तरी ते असंच म्हणत. मला वाटलं, संपलं आता सगळं. पण परत निघताना त्यांनी साहेबांना जीपमध्ये बसू दिलं नाही. गाडी जुंपून तयार होती. "सडकेपर्यंतच बसा," म्हणाले. "आमच्या पहिलटकरणी बसतात तितकंच." साहेब भला माणूस. बसले. त्यांची रिकामी जीप धूळ खात मागून चालली होती, आणि गावची पोरं तिच्या मागून.

सडकेवर काय झालं ते दादांनी सांगितलं. साहेब कमरेला हात लावून उतरले आणि म्हणाले, "मोठा दवाखाना मला देता येणार नाही. एक उपकेंद्र देतो. बाळंतपणाची खोली, आणि तिथंच राहणारी नर्स. पण कुलूप लागलेली उपकेंद्रं माझ्याकडे पुष्कळ आहेत. पावसाळ्यापर्यंत एकही बाई आली नाही, तर नर्स दुसऱ्या गावाला."

खोली ग्रामपंचायतीनं दिली. नर्सबाई आली. बाई मात्र एकही आली नाही. दवाखान्यात गेलं की आपरेशन करून सोडतात, ही धास्ती घराघरात होती, आणि ती उगीच नव्हती. काही वर्षांपूर्वी आणीबाणीत झालेली नसबंदीची सक्ती लोक विसरले नव्हते. शिवाय दादांनी टँकरवाल्याला सांगून ठेवलं होतं की पहिलं पाणी उपकेंद्राच्या पिंपात पडेल, मग गावाला. त्यावरून रोज भांडण. आमच्याच वस्तीतल्या बाया दारात येऊन बोलत.

"रिकाम्या दवाखान्याला पानी, आन आमच्या घागरी कोरड्या. हे कुठलं राज्य, मास्तर?"

"रिकामा राहणार न्हाई."

"कोन जानार हाय? तुमची लेक तर नांदेडला जानार म्हनं."

ते खरं होतं. आईनं ते केव्हाच ठरवलं होतं. नांदेडला माझ्या सासरकडचे एक डॉक्टर होते. "माझ्या नणंदेच्या गाडीत मी बसले होते," आई म्हणाली. "तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझी लेक नांदेडला जाईल." दादांनी मान खाली घातली. साऱ्या तालुक्यात बोलत फिरणारा माणूस, पण मला एका शब्दानं काही म्हणाले नाहीत. दारातल्या बायांनाही त्यांनी एवढंच सांगितलं, "तिचं तिनं ठरवायचं."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रात गेले. नर्सबाई स्टोव्हवर भांडं ठेवून हत्यारं उकळत होत्या, कोणी येणार नाही हे माहीत असून. मला पाहून त्यांनी खुर्ची पुढं केली आणि आधीच सांगून टाकलं, "ताई, तुम्ही नांदेडलाच जा. आमदाराच्या लेकीला हात लावायचा म्हणजे माझे हात कापतील. कमी-जास्त झालं तर नोकरी जायची माझी."

"आणि गावातली कोणी आली तर?"

"मग कशाला कापतील? पुष्कळ केलीत मी."

"मग मला गावातलीच समजा."

त्यांनी स्टोव्ह बारीक केला. मग झोपा म्हणाल्या, पोट दाबून पाहिलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं. "बाळ सरळ आहे," म्हणाल्या. "पण माझं ऐकायचं. मी जा म्हटलं की आमदारसाहेबांच्या जीपमध्ये बसायचं. तुमचे दादा नको म्हणाले तरी."

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा दादा पेपर वाचत होते. त्याची त्यांनी घडी केली. "माझ्यासाठी करत असशील तर करू नको."

"मला ती बाई आवडली," मी म्हणाले. तेही खरंच होतं.

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग तिनं आपली जुनी मऊ लुगडी काढली, धुण्याला पाणी नव्हतं म्हणून तशीच नर्सबाईंकडे नेऊन दिली आणि म्हणाली, "उकळून घ्या. आन मी खोलीतच बसनार."

कळा पहाटे सुरू झाल्या. आईच्या खांद्यावर हात ठेवून मी चालत गेले, आणि वस्तीतल्या बाया घागरी घेऊन वाटेवर उभ्या होत्या. दादांनी जीप बाहेर आणून बाभळीखाली लावली होती, तोंड सडकेकडे करून. ऊन तापायच्या आत मला मुलगी झाली. नर्सबाई दारात गेल्या. त्यांचा आवाज मला खाटेवर ऐकू आला.

"मुलगी झाली, साहेब."

"आणि माझी मुलगी?" दादांनी विचारलं.

"दोघी बऱ्या आहेत."

आई बघून आली आणि म्हणाली, जीपच्या पायरीवर बसलेत, बसू द्या.

मला दोन दिवस तिथंच ठेवून घेतलं. नर्सबाईंनी मला भिंतीकडच्या दुसऱ्या बाजेवर हलवलं आणि खाट फिनेलनं पुसून काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर बैलगाडी थांबली. गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली बाई आत आली. तिची लेक उमरीला दिलेली, गाडीत कळा देत बसलेली. आमच्या घराची पायरी या बाईनं कधी चढली नव्हती. ती नर्सबाईंशी बोललीच नाही. सरळ माझ्या बाजेपाशी आली.

"खरं सांग, बाई. तुझं आपरेशन केलं का?"

"नाही, काकू."

"तुझ्या बापाची आन?"

"दादांची शपथ. नाही केलं."

तिनं माझ्या मुलीकडे पाहिलं. मग नर्सबाईंकडे वळून म्हणाली, "आमदाराच्या लेकीला जे केलं तेवढंच करायचं. वरचं कायी न्हाई."

नर्सबाई म्हणाल्या, "तेवढंच."

ज्या खाटेवर मी बाळंत झाले त्याच खाटेवर तिची लेक झोपणार होती. आई, नर्सबाई आणि मी, आम्ही तिघी त्या बाईकडे बघत होतो. दारातून दादा दिसत होते. ते आत आले नाहीत, पुढं होऊन गाडीचं जू धरून उभे राहिले, पोरीला उतरवताना बैल हलू नयेत म्हणून. बाईनं लेकीला धरून आत आणलं, पदरानं खाट एकदा झटकली आणि म्हणाली, "नीज, माय."