पांढऱ्या साडीत कोळशाच्या गाडीला

माझे वडील सातपुड्याच्या घाटातल्या लाइनवर वाफेच्या इंजिनात फायरमन होते. म्हणजे ऐटीत शिट्टी ड्रायव्हरनं मारायची आणि भट्टीत कोळसा आमच्या बाबांनी मारायचा. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, बोरीवलीला माझ्याकडे राहतात आणि टीव्हीवरच्या प्रत्येक माणसाला बिनडोक ठरवण्यात त्यांचा दिवस मजेत जातो. मी मात्र त्यांना कामावर कधीच पाहिलं नव्हतं. इंजिनांच्या शेडमध्ये पोरीबाळींना कोण नेणार? म्हणून काही तासांवरच्या डोंगरात पर्यटकांसाठी वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी मोजक्या रविवारी सोडतात, असं कळलं तेव्हा मी ठरवूनच टाकलं. बाबांना एकदा तरी इंजिनात उभं बघायचं.

बेत आखायला मुलुंडहून भाऊ आणि वहिनी आले. आमच्याकडे बेत आखणं म्हणजे डब्यात काय न्यायचं यावर भांडणं. मी भाकरी-ठेच्यावर अडून बसले, वहिनी सँडविचवर. शेवटी भाऊ वैतागला, "अगं, संध्याकाळी घरी येणार आहोत आपण. काश्मीरला नाही चाललोय!"

मग कपड्यांचा विषय निघाला. वहिनीनं जाहीर केलं की सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे. आम्ही लगेच माना डोलावल्या. आमच्या समाजात चांगला दिवस म्हटला की हात आपोआप पांढऱ्या साडीकडे जातो. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाचं लग्न असो. मी तर उठून साडी इस्त्रीवाल्याकडे देऊनही आले. फायरमनची मुलगी ना मी!

परत आले तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता. त्यांनी फार बिनडोक माणूस सापडल्यावर करतात तसा चेहरा केला होता.

"कोनं ठरोलं हे पांढरं? एक बोगदा गेला का सारे कावळे दिसान."

"बाबा, आजकाल एवढा धूर नसतो हो," वहिनी म्हणाली.

"मंग ते इंजिन नोहे. कुकर हाय."

एवढं बोलले, पण येतो म्हणाले नाहीत. मी दहा दिवस विचारत होते आणि दहा दिवस ते "पाहू" म्हणत होते. त्यांचं "पाहू" मला चांगलं ठाऊक आहे. याच "पाहू"वर त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन दोन वर्षं ढकललं होतं. म्हणून मी हुकमाचा एक्का काढला. भावानं सरप्राइज ठेव म्हणून बजावलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

"बाबा, मी तिथल्या साहेबांना फोन केला होता. तुम्हाला इंजिनात चढवणार आहेत. फावडं देणार हातात. एक फावडं कोळसा टाकायचा तुम्ही, आम्ही फोटो काढणार. तुमचा लेक हार घेऊन येणार आहे."

बाबा म्हणाले, "मी नाई येत."

"झालं, लावलीस वाट," भाऊ माझ्यावर घसरला.

मला रडूच कोसळायचं बाकी होतं, आणि रडू यायला लागलं की मी चिडते. "किती जणांना मस्का मारला मी! एक फावडं टाकायला काय होतंय तुम्हाला?"

"सव्वीस वर्स टाकलं. अजून एक कायले?"

"मग लहानपणापासून आम्हाला इंजिनाच्या गोष्टी कशाला सांगत आलात?"

"गोष्टी चांगल्या हायेत," बाबा शांतपणे म्हणाले. "काम बेकार होतं."

वहिनी उगाचच कप गोळा करायला लागली. मला स्वतःचीच लाज वाटली. ज्या आगीतून हा माणूस एकदाचा सुटला होता, तिच्यासमोर त्याला पुन्हा उभं करायला मी लोकांच्या विनवण्या करत होते, तेही फोटोसाठी. मी फोन उचलला. "राहू दे बाबा. रद्द करून टाकते सगळं."

"सारंच कायले रद्द?" ते म्हणाले. मग आयुष्यात पहिल्यांदाच काही मागत असल्यासारखे म्हणाले, "मले शीट भेटन का? खिडकीपाशी?"

"भेटेल की. पण कशाला?"

"घाट पाहाचा हाय. आपला नसला तरी चालन. पाशिंजर लोक म्हनत, लय सुंदर दिसते. आमाले चढावर मान वर कराले फुरसत नसे. घाट लागला का तोंड भट्टीत." त्यांनी टीव्ही बंद केला. "सव्वीस वर्स गेलो पोरी घाटातून. पाह्यला नाई मी."