पान पाच मामांकडं होतं

नाही, नगरसेवकाला शाल दिली नाही आम्ही. नारळ नाही, फेटा नाही, बॅनर तर अजिबातच नाही... आणि कंजूषपणानं नाही, ठरवून. कोणी विचारलेलं नाही हे मलापण माहीत आहे, पण तुमच्या मनात येणारच की, म्हणून आधीच सांगून टाकते.

मागच्या रविवारची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाला महापालिकेच्या हॉलमध्ये वाचनालय आहे. मी चौथीतून शाळा सोडली, आयुष्यभर विड्या वळल्या, वाचायची गोडी लागली ती तिथंच... त्यामुळं ते बंद पडायची वेळ आली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

आधी चार-पाच पेपर यायचे. मग महापालिकेची मदत थांबली आणि एकच राहिला. वाचनालय बघणाऱ्या सुमनताई म्हणाल्या, यंदाच्या बजेटमध्ये आपलं नाव आलं नाही तर कुलूप लावायचं.

मी सरळ नगरसेवकाच्या दारात गेले. पोरगा तसा चांगला आहे, आमच्या अंगणात खेळून मोठा झालेला. म्हणतो कसा, "अक्का, आता सगळं मोबाईलवर येतंय की. वाचनालयात येतंय कोण?"

म्हटलं, "रविवारी सकाळी ये आणि बघ."

तो येतो म्हटल्यावर वाचनालयाच्या कमिटीवाल्यांच्या अंगातच आलं. स्टेज घालू, चादर देऊन सत्कार करू, निवेदन वाचून दाखवू... मी म्हटलं, सोलापुरातल्या नगरसेवकाच्या घरी चादरी कमी पडल्यात का? त्याला बसवा आणि पेपर द्या, बास. गल्लीत दारोदार जाऊन पण एवढंच सांगितलं, नेहमीसारखं या, नटून येऊ नका.

आता आमची पद्धत सांगते. पेपर एक आणि वाचणारे लई. म्हणून सुमनताई घडीवर पट्टी लावून सगळी पानं सुट्टी करतात, एकेकाला एकेक पान देतात. वाचून झालं की शेजारच्याला द्यायचं.

फोन दारातल्या टोपलीत. आणि पान हातात यायच्या आधी त्यात काय आहे ते कोणी कोणाला सांगायचं नाही... यावरून आमच्यात भांडणं झालेली आहेत, हसू नका.

तर नगरसेवक आला. गाडी बाहेर चालूच, म्हणजे तोंड दाखवून पळायचा बेत. सुमनताईंनी त्याचा फोन टोपलीत टाकायला लावला आणि हातात पहिलं पान दिलं.

आणि पहिल्याच पानावर बातमी... सभापतीपदासाठी कोणाकोणाच्या नावाची चर्चा! खाली छापलेलं, सविस्तर पान पाचवर.

पोरगा एकदम ताठ बसला. "पान पाच कुणाकडं हाय?"

पान पाच त्याच्या शेजारी बसलेल्या मल्लूमामांकडं होतं. मामा जुने यंत्रमाग कामगार, घरात कन्नड बोलणारे. मराठी वाचायला म्हातारपणी आमच्यातच शिकले. अक्षराखाली बोट धरून वाचतात, जाहिराती सुद्धा सोडत नाहीत.

"मामा, जरा एक मिनिट द्या की."

"तडी की," मामा म्हणाले. थांब म्हणजे. मान पण वर केली नाही.

"बरं, नुसतं सांगा तरी. माझं नाव हाय का न्हाय?"

मामांचं बोट पुढच्या ओळीवर. निम्म्या हॉलनं ते पान आधीच वाचलेलं, पण एकानं तोंड उघडलं असेल तर शपथ. माझ्याबरोबर विड्या वळणारी नसीम ओढणीत तोंड खुपसून हसत होती. म्हणाली, "नियम है दादा. पान आल्यावर वाचा."

मला राहवलं नाही. म्हटलं, "जा की, मोबाईलवर बघ. सगळं येतंय ना तिथं?"

लाजला बिचारा. उठला नाही. बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला तर हातानंच खुणावलं, बंद कर म्हणून.

मग बसल्या बसल्या त्यानं पहिल्यांदा हॉलकडं नीट बघितलं. भिंतीला टेकून विडीवाल्या बायका, खिडकीत रिक्षावाले, खाली सतरंजीवर पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरी... "अक्का, एवढी माणसं रोज असतात?"

"रोज."

"मग एका पेपरवर कसं भागतंय? आणखी पेपर घेत का न्हाय तुमी?"

सगळा हॉल नुसता त्याच्याकडं बघायला लागला. मग त्याचं त्यालाच कळलं, आणि असा हसला की डोळ्यातनं पाणी... आम्हीपण सगळे सुटलो.

तेवढ्यात मामांचं वाचून झालं. पानाची नीट घडी घालून त्याला दिलं आणि म्हणाले, "घे. जाहिराती पण वाच, चांगल्या हायत."

काल महापालिकेच्या सभेत तो स्वतः उठून बोलला. पलीकडच्या वॉर्डातली विरोधी पक्षाची बाई पण त्याच्या बाजूनं उभी राहिली, तिच्या वॉर्डातल्या पोरी आमच्यात येतात ना. मदत मंजूर! सुमनताईंनी फोनवर मला तेच तीनदा सांगितलं... आज सकाळी मामांनी सगळ्यांना पुरेल एवढी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली, मी नको नको म्हणत दोनदा घेतली.

त्या पोराचे आभार. मामांच्या बोटाचे जरा जास्त.

आता पान पाचवर त्याचं नाव होतं का नव्हतं, ते मला विचारू नका. तो अंक वाचनालयात जपून ठेवलाय. चालत या, बसा, पान हातात आलं की वाचा. मी सांगणार नाही.