घोडीनं खाल्लेली निवडणूक

नांदेडात गोदावरीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर आमचा मुलामुलींचा अश्व क्लब होता. क्लब म्हणजे पत्र्याचा तबेला, एक मैदान, तीन घोडे आणि शाळा सुटली की धावत येणारी आम्ही पोरं. पोलिसांच्या अश्वपथकातून निवृत्त झालेले सर तो चालवत. घोड्यावर बसायचं असेल तर आधी त्याची जबाबदारी घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून दरवर्षी आमच्यातूनच अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि तबेलाप्रमुख निवडले जात. तबेलाप्रमुख व्हायला सगळे नाकं मुरडायचे, कारण त्याला लीद काढावी लागे. पण चारा-दाणा मापून देणंही त्याच्याकडंच होतं. त्याला विचारल्याशिवाय अध्यक्षालासुद्धा घोड्याला गुळाचा खडा देता येत नसे.

मतदान हरभऱ्यानं व्हायचं. उमेदवारापुढं डबा ठेवायचा आणि प्रत्येकानं एकच दाणा टाकायचा. निकाल लागला की सगळे दाणे आमच्या तांबड्या घोडीला. "निवडणूक घोडीच्या पोटात गेली की भांडण मिटलं," सर म्हणत. ती घोडी सगळ्यांत म्हातारी. आम्ही सगळे तिच्याच पाठीवर शिकलो, पडलो, पुन्हा चढलो. मी पहिल्यांदा पडले तेव्हा ती जागची हलली नव्हती, नाहीतर माझा हात तिच्या टापेखाली गेला असता.

दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मी अध्यक्षपदाला उभी राहिले. मला ते पद हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. तोवर आमच्याकडं मुलगी अध्यक्ष झालीच नव्हती. माझ्यासमोर मोंढ्यातल्या भुसार व्यापाऱ्याचा मुलगा होता, माझ्याच वर्गातला, गोड बोलणारा. सर नेमके पुतण्याच्या लग्नाला लातूरला गेलेले. "मी असलो की तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून मत देता, तुमचं तुम्हीच उरका," असं सांगून गेले होते.

मतासाठी हरभरा ह्या पठ्ठ्यानंच दुकानातून आणला, तोही पोतंभर. दोन-चार जणांनी एकेक दाणा टाकला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "एका दाण्यानं काय होतंय रे? टाक की मूठभर!" झालं. दाण्याची मूठ झाली, मुठीची ओंजळ. माझ्या बाजूच्यांनीही मागं राहायचं नाही म्हणून ओंजळीच ओतल्या. मोजणार कोण? हातात धरून पाहिलं, तर त्याचा डबा जड.

"दुकान याचं, हरभरा याचा, मग डबा कुणाचा जड होणार?" मी म्हणाले.

"हरलीस की माप वाईट लागून राहिलं व्हय तुला?" तो हसत म्हणाला.

हरणारा उपाध्यक्ष होतो, ही आमची रीत. मी झेंडूचा हार घालून घेतला आणि धुमसत उभी राहिले. फोटो काढणं चाललं होतं तेवढ्यात कुणीतरी रीतीप्रमाणे दोन्ही डबे घोडीपुढं पालथे केले. कोरडा हरभरा, तोही इतका. एरवी तबेलाप्रमुखानं हात धरला असता. पण जुन्यानं सकाळीच पद सोडलेलं आणि नवीची शपथ फोटोनंतर व्हायची होती. तेवढ्या वेळात घोडीच्या दाण्याला कुणी मालकच नव्हता.

दुपार कलली तशी घोडी पायानं माती उकरू लागली. मान वळवून पोटाकडं बघायची, घामानं भिजलेली. मग ती बसली आणि लोळू लागली. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते अर्धापूरला होते. "उठवा तिला. लोळू देऊ नका, हळूहळू चालवत ठेवा, आणि मी येईपर्यंत तोंडात काही घालू नका. पोटशूळ आहे, घोडं जाऊ शकतं."

आम्ही ओढून, ढकलून तिला उठवलं. मी दोर हाताला गुंडाळला आणि चालायला लागले.

इकडं अध्यक्ष तेलाची बाटली घेऊन आले. "आमचे आजोबा बैलाला तेलच पाजायचे. धर तिचं तोंड."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"अध्यक्ष मी हाय का तू?"

"तूच आहेस," मी म्हणाले. "मग अध्यक्षाचं काम कर. सरांना फोन लाव आणि काय झालंय ते खरं सांग."

त्याचा चेहरा उतरला. तेल पाजणं सोपं होतं. त्या फोनचं धाडस माझ्यातही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण तो कोपऱ्यात गेला नाही. सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं नंबर लावला. "सर, आम्ही घोडीला लई हरभरा खाऊ घातला. पोतं मी आणलं होतं. ती मरंल असं वाटून राहिलंय."

त्यानंतर कुणी पद विचारलं नाही. सचिव कोपऱ्यावर जाऊन डॉक्टरांची वाट बघत थांबला. नवी तबेलाप्रमुख शपथेविनाच गव्हाण झाडू लागली. मी चालत होते. घोडी थांबली की मी तिच्या कानाशी बोलायचे, चल माय, चल. माझे हात दोरानं सोलले होते, पण दोर सोडायचा नाही हे मी ठरवलं होतं.

डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून औषध सोडलं. "आता लीद पडली तर वाचली," म्हणाले. अध्यक्षानं माझ्या हातातून दोर घेतला. मग एक फेरी त्याची, एक माझी.

दिवेलागणीला घोडी मैदानाच्या मधोमध थांबली. शेपूट उचललं. आणि आम्ही पोरं लीद बघून नाचलो, रडलो, एकमेकांच्या गळ्यात पडलो. आदल्या वर्षी घोडेस्वारीच्या स्पर्धेत कप जिंकला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

तेवढ्यात सर आले. लग्नाचा फेटा तसाच डोक्यावर, पंगतीतून उठून निघालेले. त्यांनी घोडीच्या पोटाला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग आमच्याकडं वळून विचारलं, "अध्यक्ष कोण झालं?"

दोर त्याच्या हातात होता. गळ्यातला हार केव्हाच तुटून पडला होता.

"ते मागून सांगतो सर," तो म्हणाला. "दाणा-दाणा मोजून पुन्हा मत घ्या. आधी हे बघा, लीद पडलीय."

फेरमतदान दुसऱ्या दिवशी झालं. कुणाला मत दिलं ते सांगायचं नाही, असा आमच्याकडं नियम आहे. तरी सांगते. माझ्या हातात एकच दाणा होता, आणि मी तो त्याच्या डब्यात टाकला.