बुधवारचा समुद्र

नागपूरपासून समुद्र किती लांब आहे ते मला विचारू नका. चाळिशी उलटेपर्यंत मी तो पाहिलाही नव्हता. पण सत्तरच्या दशकात एक अख्खं वर्ष आमच्या घरात रोज संध्याकाळी समुद्राचं हवामान ऐकलं जायचं, आणि त्यातल्या एका बुधवारने मला जो धक्का दिला तो आजही पुरता उतरलेला नाही.

कारण माझा दादा. तो मुंबईला जाऊन जहाजावर खलाशी म्हणून लागला होता. आमच्या वस्तीतून जहाजावर गेलेला तो पहिलाच. स्टेशनवर लोकांनी एवढे हार घातले की गाडी सुटेपर्यंत त्याचं तोंड नीट दिसलं नाही. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. सगळ्या मैत्रिणींना मीच जहाजावर चढल्यासारखी सांगत सुटले होते.

दादाचं जहाज मुंबईहून खाली कोचीनपर्यंत जाऊन परत येई आणि मुंबईला लागलं की तो पत्र टाकी. मधल्या दिवसांत आईचा जीव टांगणीला. मग बाबांनी रेडिओ धरला. संध्याकाळी मुंबईचं स्टेशन खरखर करत लागायचं. त्यावर मच्छीमारांसाठी हवामान सांगत : वारा कुठून, समुद्र कसा, कुठल्या बंदरावर इशाऱ्याचा बावटा. बाबा ते वहीत उतरवून घेत. ते गिरणीच्या गेटवर गाड्यांच्या येण्याजाण्याची वेळ लिहायच्या कामावर होते, त्यामुळे हात सवयीचा आणि अक्षर छापल्यासारखं. खाडाखोड मात्र त्यांना खपत नसे. माझ्या वहीत एक आकडा खोडलेला दिसला तरी सबंध संध्याकाळ नासवायचे.

आईला त्यातलं एकच ऐकायचं असे. ती पदराला हात पुसत दारात यायची. "कसा आहे आज?"

"शांत आहे," बाबा म्हणायचे, की ती पोळ्या लाटायला बसायची. आम्हां तिघांनाही वाऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वर्षभरात मी 'मध्यम ते खवळलेला' असं झोपेतसुद्धा बडबडायला लागले होते.

पत्र आलं की पुढच्या रविवारी सकाळी वस्ती आमच्या अंगणात जमायची. मी पत्र मोठ्यानं वाचायची. मग शेजारचे काका, पोस्टातून रिटायर झालेले, वही मागायचे आणि दादाने लिहिलेल्या दिवशी समुद्र कसा होता ते ताडून बघायचे. पत्र आणि वही जुळली की मान हलवून म्हणायचे, "बराबर आहे." कोर्टच जणू. मला त्या काकांचा मनस्वी राग यायचा. पण वस्तीचा दादावर विश्वास बसला होता तो या वहीमुळेच, हेही खरं.

दिवाळीआधीच्या त्या सोमवारी रेडिओने सांगितलं की अरबी समुद्रात वादळ तयार होत आहे. मंगळवारी सांगितलं की बुधवारी ते रत्नागिरीजवळ येईल, सोसाट्याचे वारे, समुद्र अत्यंत खवळलेला, घराएवढ्या लाटा. दादाच्या हिशेबाने जहाज नेमकं तिथेच. आईने ताट सारलं आणि बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून भिंतीला टेकून बसली. बुधवारी संध्याकाळी बाबा रेडिओला कान लावून होते. वादळ दूर पश्चिमेला वळलं होतं. इशारा मागे घेतला होता. रत्नागिरी ते मुंबई समुद्र शांत. बाबांनी ते लिहिलं, आईला सांगितलं, आणि मग कुठे ती जेवली.

शनिवारी दादाचं पत्र आलं. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले. "काल बुधवारी रत्नागिरीसमोर आम्ही मरता मरता वाचलो. सोसाट्याचे वारे, समुद्र अत्यंत खवळलेला, घराएवढ्या लाटा..."

माझी जीभ अडखळली. हे शब्द दादाचे नव्हतेच. त्याने जन्मात 'अत्यंत' हा शब्द लिहिला नव्हता. हे मंगळवारचं बातमीपत्र होतं, जसंच्या तसं. वादळ येणार होतं ते लिहिलं होतं. आलं नव्हतं ते त्याला ठाऊक नव्हतं. समुद्रावर असलेल्या माणसाला ठाऊक नाही, असं कसं होईल?

आई रडायला लागली. "आन् तुमचा रेडिओ म्हणे शांत. आग लागो त्या रेडिओले."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं होतं. चेहऱ्यावरचं सगळं रक्त कोणी पुसून घेतल्यासारखं झालं होतं. ते एवढंच म्हणाले, "पत्र ठेव गा तिथं. उद्या वाचू." मला ते 'गा' म्हणत, पोरासारखं.

त्या दिवशी मला दादाचा इतका संताप आला की समोर असता तर थोबाडलं असतं. आणि भीतीही वाटत होती. उद्या काका वही मागणार. सगळ्यांसमोर दादा खोटा पडणार, आणि हार घालणारी माणसं बाबांच्या तोंडावर काही बोलणार नाहीत, तेच जास्त वाईट.

रविवारी अंगण भरलं. आई आत चुलीपाशी होती. मी पत्र वाचलं. काकांनी हात पुढे केला. "बुधवारचं पान काढ पाहू. मी तं बुधवारी पारशिवनीले पोरीकडं होतो."

बाबांनी वही काकांना न देता माझ्या हातात दिली. "तूच वाच गा."

मी पान उघडलं. लिहिलं होतं : इशारा कायम. रत्नागिरी ते मुंबई समुद्र खवळलेला. छापल्यासारखं अक्षर. फक्त त्या दोन ओळींखाली कागद ब्लेडने खरवडून इतका पातळ झाला होता की दारातल्या उन्हात माझं बोट पलीकडून दिसत होतं. मी बोट काढलं, पान छातीजवळ धरलं आणि वाचलं.

"बराबर आहे," काका म्हणाले.

मी बाबांकडे बघू शकले नाही. माझ्या बाबांनी खोटं लिहिलं होतं. दादाच्या खोट्यापेक्षा मला तेच जास्त लागलं, आणि कितीतरी वर्षं लागत राहिलं.

सोमवारी त्यांनी मला इनलँड लेटर आणून दिलं. "लिही. बुधवारी समुद्र शांत होता. घरी ये." पुढे काही नाही. सहीसुद्धा मीच विचारून घेतली.

दादा पंधरा दिवसांनी आला. आई पाण्याला गेली होती तेवढ्यात त्याने सांगून टाकलं. डोळ्यांच्या तपासणीत त्याला लाल दिवा कोणता आणि हिरवा कोणता ते ओळखता आलं नाही. पहिल्याच दिवशी नापास. हार घालून पाठवलेल्या माणसांपुढे कोणतं तोंड घेऊन यायचं, म्हणून तो गोदीत पोती उचलत राहिला. "चहाच्या टपरीवर पेपर वाचायचो आन् तुम्हाले लिहायचो. मंगळवारी सांजचा पेपर वाचला आन् तवाच पत्र पेटीत टाकलं. बुधवारी ऊन पडलं, बाबा. मी दिवसभर त्या पेटीपाशी उभा होतो."

संध्याकाळी वेळ झाली तसा बाबांनी रेडिओ लावला. आई आतून म्हणाली, "पोरगा घरी आहे नं. आता काहून ऐकून राहिले?"

बाबांनी वही दादापुढे सरकवली. वर आपला पेन ठेवला.

"रेडिओवर सांगतीन तेच लिहिजो," ते म्हणाले.