दोन भित्रे आणि मी

आमच्या घरात दोन भित्री माणसं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी इतकं गूळपीठ आहे की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे उमाकांतांविषयी मी जे काही सांगेन, त्यातलं किती खरं आणि किती जळफळाट, ते तुमचं तुम्ही ठरवा.

उमाकांत म्हणजे माझे यजमान. विमा कंपनीत अधिकारी आहेत. दिवसभर लोकांच्या आगी, अपघात आणि चोऱ्यांचे कागद बघायचे आणि संध्याकाळी ते सगळं डोक्यात भरून जयपुरातल्या दुर्गापुऱ्याला घरी यायचं, हा त्यांचा दिनक्रम. कुठे बाहेर जायचं म्हटलं की ते जिन्यातून गॅस बघायला परत येतात, कुलूप ओढून बघतात आणि खाली उतरल्यावर मला विचारतात की कुलूप ओढून बघितलं होतं ना. आम्ही स्टेशनवर पोहोचतो तेव्हा आमच्या आधीची गाडीही सुटलेली नसते.

मी मात्र सांगलीची. पुलाखाली कृष्णेत पोहायला शिकले. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा मीच थांबवली, कारण यांचे हात कापत होते. आणि त्या बाळंतपणातून झालेली आमची ज्ञानदा, आता आठ वर्षांची, शेपूट कुणाचं? तर बाबांचं. वळणही तेच. जत्रेतल्या पाळण्यात बसायचं नाही, लिफ्टमध्ये एकटीने चढायचं नाही. संध्याकाळी बाल्कनीत दोघं बसतात आणि त्या दिवशी कशाकशाची भीती वाटली ते एकमेकांना सांगतात. ऑफिसात वरचे साहेब आले तेव्हा घशाला कोरड पडली, हे उमाकांतांनी मला कधी सांगितलेलं नाही. तिला सांगतात. मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प होतात. मी हसून म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि आत येते. आत आल्यावर मात्र हसू येत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी उदयपूरचं नाव काढलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रात्रीची गाडी, अनोळखी हॉटेल, तळ्यातली होडी, असं एकेक उमाकांतांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. शेवटी तडजोड निघाली ती अशी की आपलंच जयपूर बघायचं. यात हसण्यासारखं काही नाही. बदलीच्या नोकरीतली माणसं गाव पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. सांगलीहून कुणी आलं की त्यांना टॅक्सी करून द्यायची, कुठे फसवतात ते सांगायचं, आणि आमेर किल्ल्याचे फोटो त्यांच्या मोबाइलवर बघायचे. तीन वर्षांत आम्ही दुर्गापुऱ्याची भाजीमंडई तेवढी पाठ केली होती. तेव्हा जुन्या शहरात एका हॉटेलात दोन रात्री राहायचं ठरलं.

बेत त्या दोघांनी आखला, जेवणाच्या टेबलावर डोक्याला डोकं लावून. दिवसाला एकच ठिकाण. दुपारी खोलीवर येऊन झोपायचं. खोली दुसऱ्या मजल्याच्या वर नको. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, आहे तिथल्या दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं. हॉटेल नेमकं कसं आहे हे बघायला उमाकांत आधी एका रविवारी स्कूटरवरून तिथे जाऊनही आले, आणि कुणाला घेऊन गेले हे सांगायला नकोच. मला राग याचा आला की बेत चांगला होता. माझ्या हातात असतं तर मी पोरीला दिवसभर उन्हात पळवून रडकुंडीला आणलं असतं. पण त्यात माझं काहीच नव्हतं. म्हणून मी हट्टाने एक गोष्ट घुसडली. डोंगरावरच्या देवीला रोपवेने जायचं.

हॉटेलच्या काउंटरवर उमाकांत तोंड उघडायच्या आत ज्ञानदाने विचारलं, "भैयाजी, आग लगी तो किधर से निकलना है?" तो मुलगा कौतुकाने तिला मागचा जिना दाखवायला घेऊन गेला. मागोमाग तिचे बाबा. मी सोफ्यावर बॅगा राखत बसले. जौहरी बाजारातही तेच. मी पुढे, आणि मागे वळून बघावं तर ती दोघं हात धरून, प्रत्येक स्कूटरला वाट देत, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांसारखी सावकाश येताहेत. मी तिच्या मापाच्या लाखेच्या बांगड्या घेतल्या. दुकानदाराशी घासाघीस केली मी, तिच्या हातात चढवल्या मी, आणि ती धावली बाबांना दाखवायला. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा खरोखर मत्सर वाटला. नऊ महिने मी वागवली आणि ओढा सगळा तिकडे.

दुसऱ्या दिवशी रोपवेपाशी पोहोचलो. वर जाणारे पाळणे बघून उमाकांतांचा चेहरा उतरला. मी खाली थांबतो, म्हणाले. खरं सांगायचं तर मी हे धरूनच चालले होते. मी साखर घोळलेल्या आवाजात ज्ञानदाला विचारलं, येतेस ना माझ्याबरोबर? तिने बाबांकडे पाहिलं. ते वाकून तिच्या कानात काहीतरी बोलले. तिने मान हलवली आणि माझ्याकडे आली.

पाळण्याचं दार लागलं आणि मी जिंकले. खाली उमाकांत लहान लहान होत गेले. मी तिला टेकड्या दाखवल्या, पलीकडे पसरलेलं शहर दाखवलं. ती हूं म्हणायची आणि पायांकडे बघायची. एकदाही वर बघेना. मला वाटलं, घ्या, पोरगी माझ्याजवळ आहे आणि जीव खाली ठेवून आली आहे. इतकी जळजळ झाली की मी तोंडाला येईल ते बोलले.

"ज्ञानदा, मला भीती वाटतेय गं."

धडधडीत खोटं. तिचा हात एकदम माझ्या हातात आला. तो थंडगार होता आणि घामाने ओला होता.

"मलापण भीती लागते," ती म्हणाली. "मघापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू हसणार ना. मतलब, तू हसतेच."

मी विचारलं, बाबा कानात काय म्हणाले? ती म्हणाली, बाबा म्हणाले नको जाऊस, आईला मी समजावतो. मग तू आलीस कशाला, असं मी विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मला साधी बेरीज येत नव्हती.

"तू एकटी गेली असती ना."

मी तिला मांडीवर घेतलं. एवढी मोठी झाली आहे, पण घेतलं. तिने माझ्या खांद्यात डोकं खुपसलं आणि वर पोहोचेपर्यंत काढलं नाही.

देवीचं दर्शन घेतलं. परतीचं तिकीट हातात होतं. रांगेत उभं राहिल्यावर तिची बोटं माझ्या बोटांत घट्ट होत गेली. मी तिकडच्या माणसाला विचारलं, उतरायला दुसरी वाट आहे का? होती. आम्ही रांगेतून बाहेर पडलो आणि उन्हातून चालत खाली आलो. वाटेत तिने मला सांगितलं की तिला शाळेच्या नाचात पहिल्या ओळीत उभं राहायलाही भीती लागते. मी ऐकलं.

खाली उमाकांत मान वर करून प्रत्येक पाळणा तपासत उभे होते. एकाही पाळण्यात आम्ही दिसेना, म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ज्ञानदा धावत गेली.

"बाबा, आईला भीती लागली. म्हणून चालत आलो."

उमाकांतांनी माझ्याकडे पाहिलं. कृष्णेच्या पुरात उडी टाकणारी बाई त्यांना माहीत होती.

"हो," मी म्हटलं. "फार भीती वाटली."

दोघांपैकी कुणीही हसलं नाही.