भगिनी मंडळातलं माझं पहिलं वर्ष

सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या आमच्या वाडीतून सांगलीला हॉस्टेलवर राहून शिकणारी मी पहिलीच मुलगी. कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं. वडील फौजेत हवालदार, तेव्हा सरहद्दीवर होते. त्यांनी फोनवरून होकार दिला म्हणून थोरले काका अडवू शकले नाहीत. मनातून मात्र त्यांना ते पटलेलं नव्हतं.

कॉलेजात मुलींचं भगिनी मंडळ होतं. बहुतेक जणी ख्रिस्ती, काही माझ्यासारख्या हिंदू. मंडळात आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला तिसऱ्या वर्षाची एक ताई मिळायची. माझी ताई मिरजेची, मंडळाची अध्यक्ष. उंच, कमी बोलणारी. पहिल्या आठवड्यात मी मेसमध्ये भरल्या ताटावर रडत बसले होते, तेव्हा ती काही न विचारता शेजारी येऊन बसली आणि माझं जेवण होईपर्यंत उठली नाही. मी मंडळात गेले ती तिच्यामुळं.

नव्या मुलींना सामील करून घ्यायचा कार्यक्रम श्रावणात झाला. हॉलमधले दिवे बंद केले होते. ताईनं तिच्या मेणबत्तीवर माझी मेणबत्ती पेटवली, डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात प्रार्थना केली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

गणपतीला घरी गेले. आरती झाली, शेजारपाजारची माणसं प्रसाद घेऊन गेली. मग काकांनी दार लोटून घेतलं आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

"ही कोण?"

"मी."

"गावाच्या ग्रुपवर फिरतंय. खाली काय लिवलंय, वाच."

खाली लिहिलं होतं, हवालदाराची पोरगी बाटली.

मी समजावून सांगायला लागले. मंडळ म्हणजे काय, ताई म्हणजे काय. बोलता बोलता माझं मलाच जाणवलं, की खरं असूनही ते खोटं वाटतंय. काकांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "आता परत जायाचं न्हाई."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती त्यांच्यासमोर कधी बोलायची नाही. त्या दिवशी पदर सावरून म्हणाली, "भावजी, मी एकदा सवता बघून येते. मग काय ते ठरवू."

आई माझ्याबरोबर सांगलीला आली. मंडळाच्या मुली हॉस्टेलच्या बैठकीच्या खोलीत जमल्या होत्या. व्हिडिओची बातमी तिथंही पोहोचली होती. माझ्यामुळं मंडळ बंद पडणार, असं काहींच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ ताईला विचारलं, "तुमी माज्या पोरीला किरिस्ताव केलं का?"

ताईचा चेहरा लाल झाला.

"नाही, मावशी."

"मग डोक्यावर हात ठिवून काय म्हणत हुतीस?"

"देवाला सांगत होते, की हिला इथं एकटं वाटू देऊ नकोस."

"येवढंच?"

"एवढंच. ती फार रडायची, मावशी."

आई माझ्याकडं वळून म्हणाली, "रडत हुतीस, तर मला का न्हाई सांगितलंस?" त्यानंतर तिनं माझी खोली बघितली, मेसमध्ये सगळ्यांच्यात बसून जेवली आणि मला तिथंच ठेवून परत गेली.

काका ऐकेनात. वडिलांचा फोन लागला तेव्हा ते काकांना म्हणाले, "आमच्या पलटणीत मंदिर, गुरुद्वारा, चर्च सगळं एका छपराखाली हाय. मी सगळीकडं हात जोडतो. मी बाटलो का?" काका म्हणाले, "तुजं येगळं. ही पोर हाय. उद्या लग्नाच्या टायमाला कोण दारात येईल?" हे मला आईनं नंतर सांगितलं. काकांची खरी भीती काय होती, ते मला तेव्हा कळलं.

डिसेंबरात नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, मीही गाणार होते. दुपारी वॉचमन सांगत आला, की गेटवर माझे काका आलेत, बरोबर गावातली दोन माणसं आहेत. मंडळ बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तू नाही गायलीस तरी कुणी काही म्हणणार नाही." मी गेटकडं निघाले तशी ताई माझ्या मागोमाग आली.

"काका, आत चला. बसून ऐका, मग काय ते बोला."

"मी आत येनार न्हाई. तू भाईर ये."

"कार्यक्रम झाला की येते."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही. ते हात धरून ओढतील, असं वाटत होतं. बरोबरची माणसं पुढं सरकली, पण काकांनीच त्यांना हातानं थांबवलं. मी वळले. चालताना पाठीवर त्यांची नजर जाणवत होती. गायला उभी राहिले. पहिल्या कडव्याला मी नुसते ओठ हलवले, दुसऱ्यापासून आवाज फुटला. कार्यक्रम संपवून धावत गेटवर आले, तर काका निघून गेले होते.

पुढं कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. सुट्टीत घरी गेले की मी वाढायला आले तर पानावरून उठायचे.

परीक्षा संपल्यावर आईनं ताईला घरी बोलावलं. मी नको म्हणत होते. ताई आली. काका बाहेर कट्ट्यावर बसले होते. तिनं नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "मिरजंत कुठं?" तिनं गल्ली सांगितली. "वडील काय करत्यात?" "दवाखान्यात एक्स-रे काढतात." काकांनी मान हलवली. "जेवून जा," म्हणाले आणि चपला घालून रानात गेले. ती जाईपर्यंत परतले नाहीत.

त्यानंतर ते माझ्याशी बोलायला लागले, कामापुरतं. व्हिडिओचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. माझ्या लग्नाचा विषय निघाला की मात्र अजूनही ते उठून बाहेर जातात.